‘बरें झालें’ म्हणण्याचा अधिकार

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाघोली हें गांव आहे. इ. स. २०२१ मध्यें तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि आज तेथें नव्या इमारतींच्या गर्दींत जुनें गांव शोधावें लागतें. परंतु मराठी वाङ्मयाच्या वाचकानें या गांवाचें नांव विसरूं नये, असें आम्हांस वाटतें. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडवाव्या, असा निर्णय परंपरेप्रमाणें ज्यांनीं दिला, ते रामेश्वरभट्ट या वाघोलीचे. त्या वह्या तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्रांत लहान मुलासहि ठाऊक आहे. कथा सांगणारा बहुधा तिचें तात्पर्यहि लगेच सांगून टाकतो: भक्तावर संकट येतें तें देवाच्याच योजनेनें येतें, भक्तानें विश्वास ढळूं दिला नाहीं, म्हणजे शेवटीं सर्व गोड होतें. हें तात्पर्य कितपत खरें, आणि तुकोबांच्या गाथेंत त्याला आधार आहे काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांतून कोणाचा कर्ता मुलगा गेला, कोणाची नोकरी सुटली, कोणास दुर्धर आजार जडला, कीं समाचारास आलेल्या मंडळींपैकीं कोणी तरी हटकून म्हणतें, “देव करतो तें बऱ्यासाठींच करतो.” बोलणाराच्या मनांत सहानुभूतीच असते, यांत शंका नाहीं. ऐकणारा मान हालवितो, कारण त्या वेळीं वाद घालण्याचें त्राण त्याच्या अंगीं नसतें. मग एखादे बहुश्रुत गृहस्थ पुस्ती जोडतात कीं, तुकोबांच्या घरीं माणसें अन्नावांचून मेलीं, तरी त्यांनीं ‘बरें झालें’ असेंच म्हटलें. आपण तक्रार कां करावी? तुकोबांची ही साक्ष बरोबर काढली जाते काय, हें एकदां नीट तपासलें पाहिजे.

ज्या अभंगावर ही साक्ष आधारलेली आहे, तो गाथेंतील फार प्रसिद्ध अभंग होय. त्यांत तुकोबा आपल्या आपत्ति एकामागून एक मोजतात. दिवाळें निघालें तें बरें, दुष्काळानें पीडिलें तें बरें, बायको तोंडाळ मिळाली तें बरें, लोकांत अपमान झाला तें बरें, द्रव्य गेलें, गुरेंढोरें गेलीं, तेंहि बरें. कारण या सर्वांच्या योगानें आपण देवाला शरण आलों. तुकोबांचें घराणें देहूच्या महाजनकीचें. व्यापार व सावकारी त्यांच्या घरीं वडिलोपार्जित होती. या अभंगाची रचनाहि एखाद्या हिशेबी माणसानें जुनी वही पुढें ओढून बसावें तशी आहे. जगानें नांवें टाकलेली एकेक रक्कम ते उचलतात आणि जमेच्या बाजूस मांडतात. बायकामुलांची उपेक्षा झाली, हीहि रक्कम त्यांनीं तेथेंच मांडली आहे. येथें आजचा वाचक अडखळतो. त्यानें अडखळावें हेंच योग्य आहे, कारण त्या मुलांची वही आपणांपुढें नाहीं.

याहून कठोर असा दुसरा एक अभंग गाथेंत आहे. त्यांत बापाचा, बायकोचा, मुलाचा आणि आईचा असे चार मृत्यु ओळीनें येतात. बायको सुटली, मूल गेलें तें बरें झालें, आई डोळ्यांदेखत गेली आणि चिंता मिटली, असें कवि म्हणतो. प्रथम वाचतांना अंगावर शहारे येतात. परंतु या अभंगाचें ध्रुपद आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. तेथें तुकोबा विठोबाला बजावतात कीं, आतां हा कारभार तुझा व माझा, दोघांपुरता आहे. तिसऱ्या कोणाचें येथें काम नाहीं. म्हणजे ज्या ठिकाणीं ‘बरें झालें’ हे भयंकर शब्द उच्चारले गेले, त्याच ठिकाणीं तिसऱ्याला दाराबाहेर ठेविलें आहे. समाचाराला आलेले आमचे बहुश्रुत गृहस्थ हे तो तिसरा इसम होत. ज्या बोलण्यांत त्यांना प्रवेश नव्हता, त्यांतलें एक वाक्य ते उचलून आणतात आणि भलत्याच माणसाच्या हातीं देतात.

या दोहोंच्या शेजारीं तिसरा अभंग ठेवून वाचावा, म्हणजे चित्र पुरें होतें. संतांनीं पूर्ववृत्त विचारिलें, तेव्हां तुकोबांनीं तो सांगितला. स्वतःविषयीं बोलूं नये, पण तुम्ही विचारिलें म्हणून बोलतों, असा संकोच त्यांत आहे. जात शूद्राची, धंदा वाण्याचा, आईबाप निवर्तले, दुष्काळानें पैसा आणि मान दोन्ही नेलीं, एक बायको अन्न अन्न करीत मेली. त्या गोष्टीची लाज वाटली, दुःखानें जीव त्रासला, धंद्यांत तूट आली, असें ते सरळ सांगतात. येथें ‘बरें’ हा शब्द नाहीं. इ. स. १६३० च्या सुमारास दक्षिणेंत पडलेल्या त्या भीषण दुष्काळांत कवीची विशी नुकतीच उलटली होती. अन्न मागत मेलेल्या रखमाबाईची आठवण ज्या माणसाला माणसांपुढें सांगतांना लाज वाटते, तोच देवापुढें ‘सुटली’ असें म्हणतो. या दोन बोलण्यांपैकीं एक खरें व दुसरें खोटें, असें मानण्याचें कारण नाहीं. मात्र पहिलें झांकून दुसरेंच जो पुढें करतो, तो तुकोबांचें अर्धेंच बोलणें सांगतो.

इ. स. १८६९ ते १८७३ या काळांत मुंबई सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या मदतीनें इंदुप्रकाश छापखान्यांत जी गाथा छापली गेली, तिच्यांत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. परंतु त्यांचा क्रम कालानुक्रम नव्हे. म्हणून कोणता अभंग आधींचा व कोणता नंतरचा हें निश्चयानें सांगतां येत नाहीं. तथापि एवढें अभंगांच्या व्याकरणावरूनच दिसतें कीं, ‘बरें झालें’ हें वाक्य भूतकाळीं आहे आणि तें बोलणारा प्रथमपुरुषीं आहे. ‘बरें होत आहे’ असें दुष्काळ चालू असतां त्यांनीं म्हटलेलें नाहीं. ‘तुझें बरें झालें’ असें शेजाऱ्याला म्हटलेलें नाहीं. जो त्यांतून गेला, त्यानें, पलीकडच्या तीरावर पोंचल्यानंतर, मागें वळून, देवाला सांगितलेली ही गोष्ट आहे. यांपैकीं एक अट गळाली तरी वाक्य तेंच राहून अर्थ मात्र बदलतो.

हा भेद युरोपांतहि मोठ्या वादाचा विषय झाला होता. इंग्रज कवि पोप यानें १७३३-३४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानवविषयक काव्यप्रबंधांत, जगांत जें आहे तें योग्यच आहे, असा सिद्धांत मोठ्या डौलानें मांडला. पुढें १७५५ सालीं लिस्बन शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. तेव्हां व्हॉल्तेरनें आधीं एका कवितेंत आणि नंतर १७५९ मध्यें ‘कांदीद’ या कथेंत या सिद्धांताचा भरपूर समाचार घेतला. पोपची चूक आमच्या मतें त्याच्या श्रद्धेंत नव्हती. जें वाक्य एका माणसानें आपल्यापुरतें म्हणावयाचें, तें त्यानें सर्व विश्वाच्या वतीनें म्हटलें, ही ती चूक होय. यहुदी धर्मग्रंथांतील ईयोबाची कथाहि याच दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. ईयोब देवाशीं भांडतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याच्या दुःखाची कारणें त्याला समजावून देतात. आणि शेवटीं देव रागावतो तो त्या मित्रांवर. आमच्या वारकरी कवीला हा ग्रंथ ठाऊक असण्याचा संभव नाहीं. तरी तिसऱ्याचें येथें काम नाहीं, हा निवाडा दोहींकडे सारखाच झाला.

आतां इंद्रायणीकडे वळूं. वह्यांची कथा सांगतांना एक गोष्ट बहुधा मागें राहते: तुकोबांचे कागद इंद्रायणींत एकदां गेले नाहींत, दोनदां गेले. महिपतींनीं सांगितलेल्या चरित्राप्रमाणें, दुष्काळानंतर तुकोबांना वैराग्य झालें, तेव्हां घरांतलीं कर्जखतें बुडविण्यास ते निघाले. धाकटे बंधु कान्होबा यांनीं संसाराची अडचण पुढें केली. म्हणून खतांची निम्मी वांटणी कान्होबांना दिली आणि आपल्या वांट्याचीं खतें तुकोबांनीं नदींत सोडिलीं. यांत कोणाचा हुकूम नव्हता. तीं खतें पुन्हां वर आलीं नाहींत. तीं वर यावीं म्हणून तुकोबांनीं उपासहि केला नाहीं. दुसऱ्या वेळीं बुडाल्या त्या कवितेच्या वह्या, आणि त्या बुडाल्या रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून. शूद्रानें प्राकृतांत वेदार्थ बोलावा हें शास्त्राला धरून नाहीं, असें त्या विद्वान गृहस्थांचें मत होतें. या वेळीं मात्र तुकोबा नदीकांठीं शिळेवर अन्नपाण्यावांचून तेरा दिवस पडून राहिले.

भक्तीच्या निःस्वार्थतेचा विचार करणाराला या दोन प्रसंगांची तुलना टाळतां येणार नाहीं. संपत्ति ज्यानें एका झटक्यांत सोडली, त्याला शब्द सोडवले नाहींत. माणसाचा शेवटचा लोभ कोठें दडून बसतो, हें यावरून कळतें. त्या तेरा दिवसांचे म्हणून जे अभंग दाखविले जातात, त्यांत शांत शरणागति नाहीं. त्यांत रुसवा आहे, हट्ट आहे, देवालाच जाब विचारणें आहे. आणि वह्या तरल्यानंतरचे जे अभंग आहेत, ते तर या सर्व प्रकरणाचें मर्म होत. आपण अपेक्षा करतों कीं, येथें विजयाचा घोष असेल. निंदकांचें तोंड काळें झालें, देवानें पत राखिली, असा आनंद असेल. तुकोबा म्हणतात कीं, माझ्या हातून मोठा अन्याय झाला. लोकांच्या बोलण्यानें मीं मन कष्टी केलें, तेरा दिवस डोळे मिटून पडलों, माझ्या तहानभुकेचा भार तुझ्यावर घातला आणि तुला पाण्यांत उभें राहून कागद सांभाळावयास लाविलें. यापुढें कोणी माझी मान कापली तरी चालेल, पण तुला शीण होईल असें कांहीं करणार नाहीं.

वह्या खरोखरच वर आल्या, कीं लोकांच्या मुखीं असलेल्या अभंगांतून त्या पुन्हां लिहिल्या गेल्या, हा वाद जुना आहे. आमच्या विषयाला त्याच्या निकालाची जरूर नाहीं. चमत्कार मानणाऱ्यानें एवढें लक्षांत घ्यावें कीं, ज्याच्यासाठीं तो झाला त्याला त्याचा अभिमान वाटला नाहीं, लाज वाटली. चमत्कार न मानणाऱ्यानेंहि एवढें लक्षांत घ्यावें कीं, ही लाज कोणा चरित्रकारानें मागाहून चिकटविलेली नसून ती गाथेंतच आहे. देवावर विश्वास असणें आणि देवाकडून पुरावा मागणें या दोन गोष्टींतलें अंतर तुकोबांना पुरावा हातीं पडल्यावर कळलें. शेवटीं सर्व गोड होतें म्हणून विश्वास ठेवावा, असें जें तात्पर्य काढलें जातें, तें या अभंगांपुढें टिकत नाहीं; कारण शेवट गोड झाला, त्याच घटकेला कवि आपल्या विश्वासाची उणीव कबूल करीत आहे.

आतां वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचें काय झालें तें पाहूं. महिपति सांगतात कीं, अनगडशहा नांवाच्या फकिराच्या विहिरींत स्नान केल्यावर त्यांच्या अंगाचा दाह होऊं लागला. कशानेंहि तो शमेना, म्हणून ते आळंदीस ज्ञानेश्वरांपुढें जाऊन बसले. शेवटीं तुकोबांनीं पाठविलेल्या अभंगानें त्यांना आराम पडला. मन शुद्ध असलें म्हणजे शत्रूहि मित्र होतात, वाघसर्पसुद्धां अपाय करीत नाहींत, हा त्या अभंगाचा आशय. यानंतर रामेश्वरभट्ट तुकोबांचे भक्त झाले. महाराष्ट्रांत आजहि म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांच्याच नांवावर आहे, आणि गाथेबरोबर छापल्या जाणाऱ्या त्यांच्या अभंगांत, वैदिक पंडितांनाहि तुकोबांची सर येणार नाहीं, असा निर्वाळा आहे.

या गृहस्थांच्या वागण्यांतील एक गोष्ट आमच्या टीकाकारांनीं पुरेशी पाहिली नाहीं. ‘देवाची योजना’ या विचाराचा आसरा घेण्यास त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसऱ्या कोणाचीच नव्हती. त्यांना असें म्हणतां आलें असतें कीं, मीं वह्या बुडवावयास लाविल्या म्हणूनच त्या तरल्या. मीं छळलें म्हणूनच तुकोबांचें थोरपण जगाला कळलें. मी ईश्वरी लीलेंतलें एक निमित्त. हरिदासांनीं पुढें त्यांच्या वतीनें असें पुष्कळदां म्हटलें आहे. स्वतः रामेश्वरभट्टांनीं मात्र तसें म्हटलें नाहीं. आपण अंतरांत द्वेष केला आणि शरीराला व्यथा झाली, एवढेंच ते सांगतात. ज्यानें दुःख दिलें त्यानें परिणामाकडे बोट दाखवून ‘बरें झालें’ म्हणणें हें तर तिऱ्हाइताच्या सांत्वनाहूनहि वाईट होय. तसें केल्यानें अन्यायाला देवाच्या सहीचा कागद मिळतो, आणि मग कोणताच अन्याय निंद्य उरत नाहीं. वाघोलीच्या पंडितांनीं तो कागद मागितला नाहीं, यांत त्यांच्या पश्चात्तापाचा खरेपणा आम्हांस दिसतो.

दुःख सोसणाऱ्यांपैकीं ज्यांचा शब्द गाथेंत नाहीं, अशीहि एक व्यक्ति या कथेंत आहे. ती जिजाई, म्हणजे तुकोबांची दुसरी बायको. सावकारी बुडाल्यावर घर तिनें चालविलें. धाकटा मुलगा नारायण बापाच्या पश्चात जन्मला. चरित्रकारांनीं तिला कर्कशा म्हणून बाजूस सारिलें. तिला न्याय मिळाला तो १९३६ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटांत. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेल्या आणि पुढील वर्षीं व्हेनिस येथें गौरविल्या गेलेल्या या चित्रांत विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाइतकीच गौरी या नटीची जिजाई प्रेक्षकांच्या स्मरणांत राहिली आहे. मूल आजारी पडतें तेव्हां ती त्याला घेऊन देवळांत शिरते आणि विठोबावर पायतण उगारते. दिग्दर्शकांनीं तिची थट्टा केलेली नाहीं. तिची भक्ति घरांतल्या चुलीशीं आणि गोठ्याशीं बांधलेली आहे, आणि ती तुकोबांच्या भक्तीहून कमी निःस्वार्थ नाहीं, हें चित्र पाहणाराला पटतें. या बोलपटांत एक उणीव आम्हांस जाणवते. सगळा दुष्टपणा सालोमालोच्या माथीं मारल्यामुळें प्रामाणिक विद्वानाच्या हातूनहि घोर अन्याय कसा होतो, हा रामेश्वरभट्टांच्या निमित्तानें येणारा अवघड प्रश्न सोपा होऊन जातो. परंतु जिजाईच्या तोंडीं त्यांनीं ‘बरें झालें’ हे शब्द घातले नाहींत, यासाठीं त्यांचे आभार मानले पाहिजेत.

मग दुसऱ्याच्या दुःखापुढें श्रद्धावान माणसानें करावें तरी काय? याचें उत्तर आम्हांस त्या पहिल्या गांठोड्यांत सांपडतें, जें इंद्रायणींतून वर आलें नाहीं. दुष्काळानें मोडलेल्या कुळांना तुकोबांनीं ईश्वरी योजना समजावून दिली नाहीं. त्यांचीं खतें बुडविलीं. या कृत्याला कोणी चमत्कार म्हणत नाहीं. पण कर्जदारांच्या घरीं त्या दिवशीं काय वाटलें असेल, याची कल्पना करावी.

वाघोलीच्याच अलीकडच्या इतिहासांत याचें एक उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत, पैकीं दुसऱ्याचें नांव आतां धाराशिव, सुमारें दहा हजार माणसें मेलीं. भारतीय जैन संघटनेनें त्या भागांतील सुमारें बाराशें मुलें शिक्षणासाठीं पुण्यास आणिलीं, आणि त्यांच्यासाठीं उभारलेलें शैक्षणिक संकुल वाघोलींत आहे. घराच्या ढिगाऱ्याखालीं आईबाप गेलेल्या मुलाला, ‘यांत देवाची कांहीं तरी योजना असेल’ असें सांगणें सोपें आहे. त्याच्या जेवणाची, अंथरुणाची आणि शाळेची वर्षानुवर्षें सोय करणें कठीण आहे. तें मूल मोठें होऊन एखादे दिवशीं आपल्या आयुष्याकडे वळून पाहील आणि कदाचित् ‘बरें झालें’ असें म्हणेलहि. कदाचित् म्हणणार नाहीं. दोन्ही गोष्टींचा अधिकार त्याचा आहे.

तुकोबांच्या गाथेवर आमची जी श्रद्धा आहे, ती या वाचनानें कमी होत नाहीं, वाढते. एवढ्या मोठ्या ग्रंथांत दुःखाचें समर्थन करणारें वाक्य सांपडतें तें स्वतःच्याच दुःखाचें, आणि तेंहि बोलणारानें सर्व गमावल्यानंतरचें. समाचाराला जातांना आपण हा ग्रंथ खुशाल आठवावा. मात्र तेथें बसल्यावर त्यांतलें ‘बरें झालें’ हें वाक्य आपल्या तोंडून निघूं देऊं नये, आणि त्या घरीं उद्यांचा शिधा आहे कीं नाहीं, तें उठण्यापूर्वीं विचारावें.